विश्लेषण : जुन्या गाडीला नवे इंजिन बसवावे का? कोणते परवडते, कोणते कायद्यात बसते?

बारा-पंधरा वर्षे रोज धावलेल्या गाडीबद्दल एक दिवस गॅरेजमधून निरोप येतो, ‘इंजिन कामाला आलंय.’ मग मालकापुढे चार वाटा असतात. आहे तेच इंजिन खोलून पुन्हा बांधून घ्यायचे, कंपनीकडून नवा ब्लॉक मागवायचा, जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीचे इंजिन आणून बसवायचे, नाहीतर गाडी भंगारात देऊन नवी घ्यायची. या चारही वाटांची गणिते २०२५ मध्ये बदलली. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि वाहनांच्या सर्व सुट्या भागांनाही सरसकट १८ टक्के दर लागू झाला. त्याआधी ऑगस्टमध्ये २० वर्षांवरील मोटारींचे नोंदणी नूतनीकरण शुल्क पाच हजारांवरून दहा हजार रुपये झाले. पंपावर ई-२० पेट्रोल आले. दिल्लीत जुन्या गाड्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तर मुंबई महानगर क्षेत्रातील पेट्रोल-डिझेल गाड्यांचे काय करायचे यावर राज्य सरकारने समिती नेमली. अशा वेळी जुन्या गाडीत मोठी रक्कम घालणे शहाणपणाचे आहे का?

‘क्रेट इंजिन’ ही काय भानगड?

इंटरनेटवर या विषयाचा शोध घेतला की पहिल्याच पानावर ‘क्रेट इंजिन’ हा शब्द भेटतो. क्रेट म्हणजे लाकडी पेटी. कारखान्यात जुळवून, तपासून पेटीत बंद केलेले इंजिन थेट घरी मागवायचे, जुने उतरवायचे आणि हे बसवायचे, असा हा अमेरिकी प्रकार आहे. तिथे तो रुजला याचे कारण तिथल्या गाड्यांच्या इतिहासात आहे. शेवर्लेचे ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिन १९५५ मध्ये आले. त्यातले ३५० घनइंचांचे, म्हणजे साधारण ५.७ लिटरचे रूप १९६७ पासून. पुढची कित्येक दशके मोटारी आणि पिकअपमध्ये याच घराण्यातली इंजिने बसत राहिली. बाहेरची मापे आणि माउंटिंगच्या जागा फारशा बदलल्या नाहीत, म्हणून १९७५ च्या गाडीसाठी आज नवे इंजिन बनवून विकणे तिथे धंद्याच्या दृष्टीने परवडते.

आपल्याकडे तसे घडले नाही. आपल्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. इंजिन आडवे, त्यालाच चिकटून गिअरबॉक्स आणि बॉनेटखाली हात घालायला जागा नाही. दर काही वर्षांनी प्रदूषणाचा निकष बदलला. २०१० मध्ये बीएस-४ मोठ्या शहरांत आले, २०१७ मध्ये देशभर आणि १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६. प्रत्येक टप्प्याला इंजिन, वायरिंग आणि ईसीयू बदलत गेले. त्यामुळे मोटारींसाठी पेटीबंद इंजिनाची बाजारपेठ आपल्याकडे जवळपास नाहीच. ट्रकची गोष्ट निराळी. टाटा मोटर्सची ‘प्रोलाइफ’ योजना जुन्या इंजिनाच्या बदल्यात कंपनीने पुन्हा तयार केलेले इंजिन देते, कारण ट्रक उभा राहिला की रोजची कमाई बुडते आणि मालकाला थांबायला वेळ नसतो.

मोटारमालकाच्या हाती उरतात ते कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीतले दोन प्रकार. ‘शॉर्ट ब्लॉक’मध्ये ब्लॉक, क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन येतात. आपल्या बाजारात त्याला अनेक ठिकाणी ‘हाफ इंजिन’ म्हणतात. ‘लाँग ब्लॉक’मध्ये त्यावर हेड, व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्टही असतात. अल्टरनेटर, स्टार्टर, इंजेक्टर, टर्बो हे सगळे जुन्या इंजिनावरून काढून लावायचे. मॉडेल बंद होऊन बरीच वर्षे झाली असतील तर यादीतले हे भाग मिळतीलच असे नाही, म्हणून क्रमांक देऊन विक्रेत्याकडून उपलब्धता लेखी घेतल्याशिवाय गाडी खोलायला देऊ नये. बोनेट उघडे, इंजिन जमिनीवर आणि भाग तीन महिन्यांनी येणार, ही अवस्था गॅरेजवाल्यालाही नको असते.

इंजिन खरेच गेले आहे का?

हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा आणि सगळ्यात कमी विचारला जातो. धूर दिसला, पिकअप गेला, ऑइल कमी होऊ लागले की ‘रिंगा गेल्या’ असा निकाल लागतो. तो बरोबर असू शकतो. पण धुराचा रंग वेगवेगळ्या गोष्टी सांगतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट करताना एक झोत येऊन नंतर धूर थांबत असेल, तर संशय रिंगांपेक्षा व्हॉल्व्हच्या ऑइल सीलवर जातो आणि ते काम बरेच स्वस्त आहे. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि कूलंट कमी होणे, हे हेड गॅस्केटचे लक्षण. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. टर्बो डिझेलमध्ये तर निळा धूर टर्बोच्या सीलमधून गळलेल्या ऑइलचाही असतो. टर्बो बदलून जे काम भागले असते, त्यासाठी अख्खे इंजिन उतरवल्याची उदाहरणे गॅरेजमध्ये हवी तितकी ऐकायला मिळतात.

यावर उपाय साधा आहे, कम्प्रेशन टेस्ट. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग काढून तिथे गेज लावायचे, स्टार्टर फिरवायचा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते लिहून घ्यायचे. आकड्याइतकेच महत्त्व सिलिंडरमधल्या फरकाला आहे. समजा तीन सिलिंडर १२ बार दाखवत आहेत आणि चौथा ८. त्या चौथ्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचे. दाब वाढला तर दोष पिस्टन रिंग किंवा बोअरमध्ये, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. दाब तसाच राहिला तर दोष वर आहे, व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये, म्हणजे नुसते हेड उतरवून काम भागेल. यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकवली जाणारी ही गोष्ट पन्नास-साठ हजारांच्या निर्णयाआधी होत नाही, हे आश्चर्यच. मेकॅनिकला चाचणीचे आकडे कागदावर मागावेत. द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरे गॅरेज शोधावे.

आणखी एक गोष्ट तपासायची असते, आधीचे इंजिन का गेले? रेडिएटर चोंदलेला, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा पंखा चालत नसलेला, असे असेल तर नवे इंजिनही त्याच वाटेने जाईल. मुंबई-ठाण्यात पावसाळ्यात कारण वेगळे असते. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडते, चालक पुन्हा किल्ली फिरवतो, सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. साध्या सर्वंकष विम्यात हे नुकसान सहसा धरले जात नाही, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळे कलम घेतलेले असावे लागते. ते घेतले असेल तर इंजिनाला हात लावण्याआधी विमा कंपनीचा सर्व्हेअर यायला हवा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ या विषयाचा गाभा आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवलेले तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. याचा अर्थ इंजिन बदलताच येत नाही असा नाही. त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन बसवायला वाव आहे, पण नोंदणी प्राधिकरणाची, म्हणजे आरटीओची मंजुरी लागते. बदल झाल्यावर १४ दिवसांत तो कळवून नोंदणी प्रमाणपत्रात नवा इंजिन क्रमांक चढवून घ्यावा लागतो. किमान दहा परिवहन वाहने असलेल्या मालकांना राज्य सरकार आगाऊ मंजुरीतून सूट देऊ शकते. आपल्या दारातल्या एका गाडीला ती सूट नाही. गाडीवर कर्ज असेल तर वित्तसंस्थेची लेखी संमतीही हवी. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२-अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

व्यवहारात सगळा पेच ब्लॉकवर ठोकलेल्या एका क्रमांकाचा आहे. इंजिन क्रमांक हेडवर किंवा झाकणावर नसतो, ब्लॉकवर असतो. त्यामुळे आपलेच इंजिन खोलून, बोअर करून, नवे पिस्टन आणि बेअरिंग घालून बांधून घेतले, तर गाडीचा क्रमांक तोच राहतो. ही दुरुस्ती झाली, बदल नव्हे. ब्लॉक बदलला की क्रमांक बदलला आणि आरटीओचा फेरा सुरू झाला. मूळ बिल, अर्ज, गाडीची प्रत्यक्ष तपासणी, विमा पॉलिसीत दुरुस्ती. ‘साहेब, जुनाच नंबर नव्या ब्लॉकवर ठोकून देतो’ असा सल्ला काही ठिकाणी मिळतो. तो ऐकू नये. क्रमांकाशी केलेली छेडछाड ही चोरीच्या गाडीची पहिली खूण मानली जाते. अपघात किंवा चोरीनंतर सर्व्हेअरने क्रमांक पडताळला आणि जुळला नाही, तर विम्याचा दावा अडकतो. गाडी विकतानाही तीच अडचण.

माझ्या मते इथेच बहुतेकांचा निर्णय व्हायला हवा. ब्लॉक वाचत असेल तर तो वाचवावा. बांधणीत नवे इंजिन घेतल्याचे समाधान नाही, पण कागद स्वच्छ राहतात. जुने बिडाचे ब्लॉक यासाठी सोयीचे. बोअर ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरने वाढवून त्या मापाचे पिस्टन घालता येतात. ॲल्युमिनियम ब्लॉकच्या अनेक नव्या इंजिनांत कंपनी रिबोअरची मुभा देत नाही. तिथे बोअर मर्यादेबाहेर झिजला असेल तर शॉर्ट ब्लॉकला पर्याय उरत नाही. बांधणीचा दर्जा गॅरेजपेक्षाही लेथवाल्यावर, म्हणजे बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग करणाऱ्या मशिनशॉपवर जास्त अवलंबून असतो. काम कुठे पाठवणार हे विचारावे आणि जमल्यास जाऊन पाहावे. मोजमापाशिवाय ‘अंदाजाने’ बोअर करणारा मनुष्य कितीही अनुभवी असला तरी नको.

एकाच नावाचे इंजिन, तरी वेगळे?

जुनी वॅगनआर घ्या. शहरात रोज चालणाऱ्या जुन्या गाड्यांत ती अजूनही भरपूर दिसते. आधीच्या वॅगनआरमध्ये १०६१ सीसीचे एफ१०डी इंजिन होते. २०१० च्या नव्या वॅगनआरमध्ये ९९८ सीसीचे के१०बी आले. हेच के१०बी ए-स्टार, ऑल्टो के१० आणि सेलेरिओतही असल्याने त्याचे भाग मुबलक, इंजिन हलके आणि मायलेजही चांगले. मग जुन्या गाडीत नवेच का टाकू नये, हा विचार स्वाभाविक आहे. पण नोंदणी प्रमाणपत्रात १०६१ सीसी आणि बॉनेटखाली ९९८ सीसी, म्हणजे कलम ५२ मध्ये जो फरक नको म्हटले आहे तोच. तांत्रिक बाजूने माउंटिंग, वायरिंग, ईसीयू, एक्झॉस्ट असे सगळेच जुळवावे लागते. प्रकल्प म्हणून मजा येईल. सोमवारी सकाळी कामावर नेण्याच्या गाडीसाठी हा उद्योग करू नये.

डिझेलमध्ये फसवणूक आणखी बारीक आहे. फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन इतक्या गाड्यांत बसले की त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हटले जाई. पुण्याजवळ रांजणगावला ते फियाट आणि टाटाच्या गाड्यांसाठी बनत होते, तर मारुतीसाठी परवान्याखाली हरियाणात मानेसरला. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया, सगळीकडे हेच. म्हणून जुन्या बाजारात ‘कुठलेही १.३ चालते’ असे सांगितले जाते. ते चालत नाही. स्विफ्टमधले सुमारे ७५ अश्वशक्तीचे इंजिन साध्या टर्बोचे आणि एसएक्स४ किंवा सियाझमधले ९० अश्वशक्तीचे बदलत्या भूमितीच्या टर्बोचे. इंजेक्टर, टर्बोचे नियंत्रण, ईसीयूमधले प्रोग्रॅमिंग वेगळे. कंपनीनुसार सम्प, माउंटिंगचे ब्रॅकेट आणि वायरिंगचे जोडही वेगळे. ब्लॉक आणि हेड एका कुळातले असल्याने ‘बसते’, पण पुढे चेक इंजिनचा दिवा आणि लिम्प मोड यांच्याशी गाठ पडते. २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर हे इंजिन भारतातल्या नव्या गाड्यांतून गेले. म्हणजे आता बाजारात मिळणारे प्रत्येक वापरलेले मल्टिजेट किमान त्या काळातले आहे.

या इंजिनात टायमिंग बेल्ट नसून साखळी आहे. बेल्टची बदलण्याची मुदत ठरलेली असते, तशी साखळीची बहुतेकांच्या डोक्यात नसते. ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात साखळी ताणली जाते, टेन्शनर झिजतो आणि दात सुटला तर व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळतात. म्हणून वापरलेले मल्टिजेट घेतलेच, तर गाडीत चढवण्याआधी साखळीचा पूर्ण संच बदलून घ्यावा. इंजिन बाहेर असताना ते काम सोपे आणि स्वस्त, आत गेल्यावर महाग.

जुन्या बाजारातले इंजिन घ्यावे का?

कुर्ल्यापासून दिल्लीच्या मायापुरीपर्यंत जुन्या सुट्या भागांचे बाजार आहेत आणि त्यांत प्रामाणिक व्यापारीही आहेत. पण त्यांच्या मालाला एक सावली चिकटलेली असते. मेरठचे सोतीगंज चोरीच्या गाड्यांचे भाग विकण्यासाठी कुप्रसिद्ध होते, पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये तो बाजार बंद पाडला. चोरीच्या गाडीचे इंजिन नकळत विकत घेतले तरी पोलीस चौकशी आपल्याच दारी येते. म्हणून इंजिनाच्या तब्येतीआधी कागद पाहावेत. ज्या गाडीतून ते काढले तिचा नोंदणी क्रमांक, नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा, इंजिन क्रमांक लिहिलेले जीएसटी बिल. यातले काही नसेल तर ते इंजिन फुकट मिळाले तरी महाग आहे, कारण आरटीओत ते नोंदवता येणार नाही.

कागद ठीक असतील तर मग तब्येत. ऑइलच्या झाकणाखाली दुधी, साबणासारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी गेले आहे. प्लगच्या भोकातून बोअरस्कोप घालून सिलिंडरची भिंत पाहता येते. होनिंगच्या तिरक्या रेषा दिसत असतील तर बरे, भिंत आरशासारखी गुळगुळीत किंवा उभ्या ओरखड्यांची असेल तर नको. क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरायला हवा. गंज लागलेले प्लग आणि सम्पमध्ये गाळ म्हणजे पुरात बुडालेल्या गाडीचा संशय. ‘जपानहून आलेले, कमी चाललेले’ या वाक्यावर कागदाशिवाय विश्वास ठेवू नये. वॉरंटी म्हणून बहुतेक ठिकाणी काही दिवसांची ‘चेकिंग’ मिळते. त्यात इंजिन बदलून मिळेल, पण उतरवण्या-चढवण्याची मजुरी दोन्ही वेळा आपलीच, हे आधी विचारून घ्यावे.

पैशांचे गणित कसे मांडायचे?

‘गाडीची किंमतच दीड लाख, मग ऐंशी हजार कशाला घालायचे?’ हा युक्तिवाद घरोघरी होतो. तुलना चुकीच्या गोष्टीशी केल्यामुळे तो पटतो. दीड लाख ही गाडी विकण्याची किंमत आहे. जो विकणार नाही, त्याने पर्यायाच्या खर्चाशी तुलना करायला हवी. समजा बांधणीला ८० हजार रुपये लागले आणि त्यानंतर गाडी चार वर्षे चालली, तर महिन्याला साधारण १,६७० रुपये पडले. नव्या गाडीसाठी सहा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर हप्ता सुमारे १२,४५० रुपये. वर डाउन पेमेंट, नव्या गाडीचा जास्त विमा आणि रस्ते कर. जीएसटी कपातीने नव्या गाडीची किंमत खाली आली असली, तरी एवढी दरी त्यातून भरून निघत नाही.

मात्र या हिशेबात ‘चार वर्षे चालली तर’ हा शब्दप्रयोग निर्णायक आहे आणि त्याचे उत्तर इंजिनात नसते. ते पत्र्यात असते. कोकणपट्टीवरच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीचे सस्पेन्शनचे माउंटिंग, फ्लोअर आणि चेसीच्या कडा खालून पाहिल्याशिवाय इंजिनावर एक रुपयाही खर्च करू नये. टोकदार हातोडीने ठोकल्यावर पापुद्रे निघत असतील तर ती गाडी भंगारातच द्यावी. २०२१ च्या भंगार धोरणानुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी दिल्यास नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के भंगारमूल्य अपेक्षित धरले आहे आणि खासगी गाडीच्या रस्ते करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे. गिअरबॉक्स, स्टिअरिंग रॅक, एसीचा कॉम्प्रेसर यांची अवस्थाही याच वेळी पाहावी. नव्या इंजिनाची ताकद जुन्या क्लचवर आली की तो महिनाभरात घसरतो, त्यामुळे क्लचचा खर्च हिशेबात धरलेलाच बरा.

इंजिन नवे, गाडीचे वय मात्र तेच...

नव्या इंजिनाने गाडी तरुण होते, असे कायदा मानत नाही. वय मोजले जाते ते पहिल्या नोंदणीपासून. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. १५ ते २० वर्षांच्या मोटारीला पाच हजार रुपये, २० च्या पुढे दहा हजार. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. चौदाव्या वर्षी इंजिन बदलणाऱ्याने हा खर्चही मांडायला हवा. नूतनीकरणाच्या तपासणीला जाण्याआधी नवा इंजिन क्रमांक नोंदवलेला नसेल, तर तिथेच गाडी अडेल.

दिल्लीचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तिथे दहा वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर आधी हरित लवादाचे आदेश आले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना इंधनच न देण्याचा प्रयोग झाला आणि लोकांच्या संतापानंतर तो मागे पडला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने नुसत्या वयावरून सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले आणि डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरते ठेवले. म्हणजे वयाबरोबरच नोंदणीतला बीएस टप्पाही निर्णायक ठरू लागला आहे. तो टप्पा इंजिन बदलून वर जात नाही. बीएस-३ म्हणून नोंदलेली डिझेल गाडी चकाचक बांधलेल्या इंजिनासहही बीएस-३ च राहते. धूर कितीही स्वच्छ येत असला तरी. हा नियम मला अन्यायकारक वाटतो, कारण प्रदूषण धुराड्यातून येते, नोंदणीच्या तारखेतून नव्हे. पण निर्णय आजच्या नियमावरच घ्यावा लागणार.

महाराष्ट्रात अशी वयाची सरसकट बंदी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये शहराच्या हवेवरील सुनावणीत पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का, असा प्रश्न उपस्थित केला. त्यानंतर सरकारने महानगर क्षेत्रासाठी सात सदस्यांची समिती नेमली. त्यामुळे मुंबई-ठाण्यातल्या जुन्या डिझेल गाडीच्या मालकाने चार वर्षांचा हिशेब धरताना दोनच वर्षांचा धरावा. सोलापूर किंवा चंद्रपूरच्या पेट्रोल गाडीवाल्याला एवढी धास्ती घ्यायचे कारण नाही. इलेक्ट्रिक कन्व्हर्जनचा पर्याय कायद्यात आहे. कलम ५२ मध्येच इंधन बदलणाऱ्या मान्यताप्राप्त किटसाठी वाट ठेवली आहे आणि पुण्यातील एआरएआयसारख्या संस्था अशा किटना प्रमाणपत्र देतात. पण बॅटरीसह त्याचा खर्च लाखांत जातो आणि पंधरा वर्षांच्या पत्र्यावर तो घालणे अवघड. पेट्रोल गाडीला सीएनजी किट बसवायचे असेल, तर ते इंजिन बांधल्यानंतर बसवावे, थकलेल्या इंजिनावर नव्हे. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते, हेही लक्षात असावे.

ई-२० साठी काय करावे?

इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. २० टक्के मिश्रणाचा हिशेब केला तर लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ई-२० साठी न बनवलेल्या गाड्यांत तीन ते सहा टक्के मायलेज घटते, असे सांगितले होते, ते याच्याशी जुळते. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत ईसीयू इंधन थोडे वाढवून जुळवून घेतो, कार्बोरेटरला ते जमत नाही. जुन्या गाडीत मायलेजपेक्षा मोठा प्रश्न रबराचा आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत ई-२० सहन करणारे साहित्य वापरले जाते, त्याआधीच्या गाड्यांत ते असेलच असे नाही. इंजिन बाहेर असते तेव्हा इंधनाचे पाइप, इंजेक्टरच्या ओ-रिंग आणि इतर सील इथेनॉल चालणाऱ्या रबरात बदलून घेणे सगळ्यात सोपे. या कामाचा खर्च एकूण बिलात नगण्य असतो, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

बांधलेले इंजिन हाती आले की पहिले हजार किलोमीटर ते दामटू नये, पण एकाच वेगाने रेंगाळतही ठेवू नये. रिंगा बोअरमध्ये बसण्यासाठी वेग आणि भार बदलते राहायला हवेत. पहिले ऑइल आणि फिल्टर नेहमीच्या मुदतीच्या बरेच आधी, ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान बदलावे. काढलेले ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये घेऊन त्यात लोहचुंबक फिरवावा. थोडी बारीक काळसर भुकटी चिकटणे नेहमीचे आहे. चकचकीत कपचे निघाले तर गाडी तिथेच थांबवून बिल घेऊन गॅरेज गाठावे.